युरोपांतील ‘चिनी’ नक्षी

अठराव्या शतकांत युरोपांत नक्षीचीं व इमारतींचीं जीं ‘चिनी’ चित्रें तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापण्यांत आलीं, त्यांस पूर्व-पश्चिमेच्या मीलनाचें प्रतीक म्हणून गौरविण्याचा परिपाठ आहे. या गौरवास आमचा स्पष्ट विरोध आहे. मीलनास दोन पक्ष लागतात. येथें दुसऱ्या पक्षास कोणी विचारलेंच नव्हतें.

पुरावा त्या लोकांच्याच तोंडचा घ्यावा. १६८८ सालीं स्टॉकर व पार्कर यांनीं इंग्लंडांत लाखकामावर एक सचित्र ग्रंथ छापला. मूळ आकृत्यांचें प्रमाण जेथें लंगडें होतें तेथें आपण तें किंचित् सावरलें असेल, असें ते त्यांत सांगतात. ‘लेडीज अम्यूझमेंट’ या नमुनासंग्रहाच्या १७६२ च्या आवृत्तींत तर उघड परवानाच आहे: हिंदी व चिनी विषयांत अधिक मोकळीक घ्यावी, कारण त्यांच्या कलेंत औचित्यापेक्षां कल्पनेचा फुलोराच मोठा, तेथें फुलपाखरूं हत्तीला तोलून धरतें! हिंदी व चिनी हा भेदही ज्यांना करावासा वाटला नाहीं, त्यांनीं औचित्याची उणीव आमच्या माथीं मारावी, हा न्याय अजबच होय.

हीं चित्रें सुंदर नाहींत काय, असें कोणी विचारील. आहेत. वातोनें ला म्यूएतच्या वाड्यांत रंगविलेल्या चिनी आकृत्या नष्ट झाल्या. १७३१ सालीं बूशे आदिकरून कलावंतांनीं काढलेल्या छापांमुळेंच त्या आज ठाऊक आहेत, आणि त्या मोहक आहेत. पिल्मांची नाजूक रेषाही आम्हांस आवडते. परंतु हें सौंदर्य फ्रेंच रोकोको शैलीचें आहे. तें तिच्याच खात्यावर जमा व्हावें.

विल्यम चेंबर्सची गोष्ट निराळी. तो स्वीडिश ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरींत कॅन्टनला जाऊन आला होता, आणि त्याचा १७५७ चा ग्रंथ प्रत्यक्ष पाहण्यावर आधारलेला आहे. हें श्रेय त्यास दिलेंच पाहिजे. पण त्यानेंही एका बंदरावरून अवघें साम्राज्य जोखलें. चीनमध्यें पॅगोड्याचे मजले सामान्यतः विषम संख्येचे असतात. १७६२ सालीं क्यू येथें त्यानें उभारलेल्या पॅगोड्यास मजले दहा!

रंगविलेलें चित्र एका वाड्यांत राहतें. छापलेला नमुना कारखान्याकारखान्यांत जातो आणि चिनी मातीच्या भांड्यांवर, कापडावर, भिंतींवर उमटतो. अशा रीतीनें नकलेवरून नक्कल निघून कल्पिताला प्रमाणाची प्रतिष्ठा येते. १७३४ सालीं डच ईस्ट इंडिया कंपनीनें कॉर्नेलिस प्रोंक या चित्रकाराकडून छत्रीखालच्या चिनी स्त्रियांचा नमुना करविला आणि तो भांड्यांवर रंगविण्यासाठीं चीनमध्येंच धाडला. परक्यानें कल्पिलेला चीन रंगविण्याची पाळी खुद्द चिनी कारागिरावर आली. यापरता उपहास कोणता?

आणि चीनला स्वतःची मुद्रणकला नव्हती असें थोडेंच आहे? हू झेंगयान याचा दहा-वेळू-मंदिराचा चित्रसंग्रह नानकिंगांत १६३३ सालींच लाकडी ठशांनीं अनेक रंगांत छापला गेला होता. आमचें मागणें इतकेंच कीं, संग्रहालयांनीं पिल्मांच्या नमुन्यांशेजारीं त्याचें एक पान मांडावें आणि पिल्मांच्या नमुन्यांखालीं ‘युरोपी नक्षी’ असें लिहावें. मग मीलन किती झालें, तें प्रेक्षकच ठरवितील.