गीतांजली एक्सप्रेसचा दुसरा वर्ग

आमच्या मुलुंडच्या इमारतीत राहणारा एक तरुण अभियंता परवा मला म्हणाला, "सर, तुमच्या पिढीने प्रवास फार कमी केला." त्याचे म्हणणे खोटे नाही. तो तिशीच्या आत थायलंड आणि दुबई पाहून आला आहे, गोव्याला तर वर्षातून दोनदा जातो. मला माझ्या विद्यार्थिदशेतील मोठे प्रवास मोजावयाचे तर एका हाताची बोटेही पुरी लागणार नाहीत. तरीही अर्थशास्त्र मी विद्यापीठात अधिक शिकलो की आगगाडीच्या डब्यात, असे कोणी विचारले तर उत्तर देताना मला थोडा वेळ लागेल.

डिसेंबर 1978 मधील गोष्ट. आम्ही चार विद्यार्थी, दोन घाटकोपरचे व दोन मुलुंडचे, बोरीबंदरहून कलकत्त्यास निघालो. गाडी होती गीतांजली एक्सप्रेस. जनता सरकारातील रेल्वेमंत्री मधु दंडवते यांनी ती 26 डिसेंबर 1977 रोजी सुरू केली होती. केवळ तिसऱ्या वर्गाच्या जनता गाड्या त्यापूर्वीही धावत होत्या. परंतु त्या संथ आणि दुय्यम समजल्या जात. लांब पल्ल्याच्या वेगवान गाडीतून पहिला वर्गच काढून टाकावयाचा आणि सर्वांनी दुसऱ्या वर्गाने जावयाचे, ही कल्पना नवी होती. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर दोन इंच जाडीची गादी आली तीही दंडवत्यांच्याच काळात. क्रांतीच्या गप्पा मारणाऱ्या आमच्यासारख्या पोरांना तेव्हा तो सुधारणावादी क्षुल्लकपणा वाटला होता. दोन हजार किलोमीटर पाठ टेकून गेल्यावर मत बदलले.

आमच्या समोरच्या बाकावर चाळिशीचा एक सावळा, किडकिडीत मनुष्य होता. त्याच्याजवळ गोणपाटात बांधलेले जड बोचके होते आणि ते त्याने आमच्या बाकाखाली सरकवले. कल्याण गेल्यावर मी मित्रांना मराठीत म्हणालो, "ही माणसे मुंबई भरून टाकतात आणि वर गाडीही भरून टाकतात." हे वाक्य माझे होते, दुसऱ्या कोणाच्या तोंडी घालून मोकळे होण्याचे आता कारण नाही. उपनगरांत वाढलेल्या त्या काळच्या मराठी मुलांच्या कानांवर 1966 पासून परप्रांतीयांविषयी जे पडत होते, तेच माझ्या तोंडून आले. मी त्या वेळी स्वतःला समाजवादी म्हणवीत असे, हे येथे नोंदवून ठेवतो.

तो मनुष्य काही बोलला नाही. दुपारी त्याने फडक्यातील पोहे आणि गूळ काढला, आम्हां चौघांपुढे धरला आणि म्हणाला, "घ्या हो. मला मराठी समजते. अकरा वर्षे भांडुपला राहतो." आवाजात राग नव्हता. असता तर मला बरे वाटले असते.

तो ओरिसातील केंद्रापाडा भागातील होता आणि नळकाम करीत असे. त्या भागातील माणसे देशभर नळकामासाठी प्रसिद्ध आहेत, हे मला पुष्कळ नंतर कळले. त्या बोचक्यात त्याची हत्यारे होती. पाइपाला आटे कसे पाडतात, सांध्याला सफेदा लावून सुतळी कोणत्या दिशेने गुंडाळावयाची, उलट गुंडाळली तर वर्षाच्या आत पाणी कसे झिरपू लागते, हे त्याने बोटांनी हवेत दाखवून आम्हांस समजाविले. मी मुलुंडचा म्हटल्यावर त्याने आमच्या गल्लीतील दोन इमारतींची नावे घेतली. त्यांचे सगळे नळ त्याने आणि त्याच्या मेहुण्याने बसविले होते. काम चालू असताना दोघे तेथेच सिमेंटच्या गोदामात झोपत. त्या गल्लीतून मी रोज कॉलेजला जात असे. मी त्याला कधी पाहिलेही असेन, पण पाहिल्याचे मला आठवत नव्हते.

त्या वर्षी आम्हांला आर्थर ल्युइस यांचा 1954 चा सुप्रसिद्ध निबंध अभ्यासाला होता. शेतीत माणसे गरजेपेक्षा अधिक आहेत. त्यांतील काही काढून घेतली तरी उत्पादन घटत नाही. त्यामुळे जगण्यापुरत्या मजुरीपेक्षा थोडे अधिक देऊन उद्योगांना श्रमाचा जवळजवळ अमर्याद पुरवठा होत राहतो, असा त्याचा गाभा. पुढच्याच वर्षी, 1979 साली, ल्युइस यांना नोबेल पारितोषिक मिळाले. निबंध थोर आहेच. मी तो पुढे अनेक वर्षे शिकविला. परंतु तो 'अमर्याद पुरवठा' माझ्यासमोर बसून मला गूळ देत होता, हे रायपूर येईपर्यंत माझ्या ध्यानात आले नाही.

खडगपूरला तो उतरला. कटककडे जाणारी गाडी त्याला तेथून घ्यावयाची होती. उतरताना त्याने आम्हांला गावी येण्याचे निमंत्रण दिले. असे निमंत्रण गाडीत सगळेच देतात. पण कलकत्ता पाहून पुरीला जाताना आम्ही दोघे खरोखरच वाट वाकडी करून त्याच्याकडे गेलो. महानदी, ब्राह्मणी आणि वैतरणी या नद्यांच्या मुखाजवळचा तो सखल प्रदेश. पूर ठरलेला, समुद्राकडील जमीन खारी, भाताचे एकच पीक. गावात म्हातारे होते, मुले होती, बायका होत्या. कमावत्या वयाचे पुरुष मोजकेच दिसले. त्याच्या पत्नीने त्याच्यामार्फत मला एक प्रश्न विचारला : मुंबईत चौथ्या मजल्यावर नुसती चावी फिरवली की पाणी येते, हे खरे काय? मी खरे आहे म्हणालो. त्यानंतर ती कळशी घेऊन तळ्यावर गेली. त्या घरात नळ नव्हता.

तिचा नवरा मुंबईत असताना लावणी, कापणी, झोडपणी तीच करीत होती. गावातून माणूस गेल्याने उत्पादन घटत नाही हे ल्युइस यांचे गृहीत तेथे खरे ठरत होते, पण का खरे ठरत होते याचे उत्तर निबंधात नव्हते. एक माणूस निघून गेला आणि दुसरे दुप्पट राबू लागले, इतकाच त्याचा अर्थ होता. परत आल्यावर मी हे वर्गात मांडले. आमच्या प्राध्यापकांनी ऐकून घेतले आणि परीक्षेत लिहू नकोस असा सल्ला दिला.

प्रवासाने माणूस शहाणा होतो असे सरसकट विधान मी करणार नाही. वरसईचे गोडसे भटजी 1857 मध्ये उत्तरेकडे निघाले ते घरचे कर्ज फेडण्यासाठी दक्षिणा मिळेल या आशेने. धर्मानंद कोसंबी 1899 साली, तेविसाव्या वर्षी, गोव्यातील घर सोडून निघाले ते बौद्ध धर्माच्या ज्ञानासाठी. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ असे करीत सिलोनला पोहोचले आणि काशीत त्यांनी अन्नछत्रातील जेवणावर दिवस काढले. दोघांचेही प्रवास गरजेचे होते. एकाची गरज पोटाची, दुसऱ्याची मनाची. आमचा प्रवास त्या मानाने चैनच. आणखी एक गोष्ट सांगावयास हवी. माझी धाकटी बहीण माझ्यापेक्षा हुशार होती. तिनेही येण्याचा हट्ट धरला; 'मुलीच्या जातीने' म्हणून वडिलांनी नाही म्हटले आणि मी गप्प बसलो. जे काही मी शिकलो त्याची ही किंमत कोणी मोजली, हे प्रवासवर्णनांत सहसा येत नाही. बाबा आमट्यांच्या 'भारत जोडो' यात्रेत 1985 च्या डिसेंबरात कन्याकुमारीहून सायकलींवर तरुणांबरोबर तरुणीही निघाल्या, तेव्हा तिने मला ते वृत्तपत्र उघडून दाखविले होते. ती तेव्हा बँकेत होती आणि तिला एक मूल होते.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. साने गुरुजींनी आंतरभारतीचे स्वप्न मांडले त्याला स्वस्त आगगाडी गृहीत होती. प्रांताप्रांतांतील तरुणांनी एकमेकांच्या घरी जावे, भाषा शिकाव्या, हे विमानाच्या तिकिटावर घडणारे काम नव्हे. आज चित्र काय आहे? 2019 पासून आलेल्या वंदे भारत गाड्या संपूर्ण वातानुकूलित. त्यांत सामान्य डबा नाही. राजधानी, शताब्दी, दुरोंतोंना 2016 पासून मागणीप्रमाणे चढणारे भाडे. मार्च 2020 मध्ये अनेक सवलती गेल्या. ज्येष्ठांची गेली, म्हणून माझे चाळीस टक्के बुडाले, त्याचे मला फारसे दुःख नाही. माझे निवृत्तिवेतन चालू आहे. विद्यार्थ्यांची सवलत वाचली, पण तिची मूळ कल्पना घरी जाण्या-येण्याची आणि शैक्षणिक सहलींची. देश पाहण्यास निघालेल्या मुलाला तिचा उपयोग बेताचाच. सामान्यांसाठी काहीच केले नाही असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. 2023 च्या अखेरीस वातानुकूलन नसलेल्या अमृत भारत गाड्या सुरू झाल्या, ही गोष्ट चांगली. परंतु 27 ऑक्टोबर 2024 च्या पहाटे वांद्रे टर्मिनसवर गोरखपूरच्या अनारक्षित गाडीत शिरण्यासाठी चेंगराचेंगरी होऊन माणसे जखमी झाली, यावरून गरज आणि पुरवठा यांतील अंतर ध्यानात यावे. दिवाळी-छठच्या दिवसांत आमच्या घाटकोपरशेजारच्या लोकमान्य टिळक टर्मिनसवरील रांग ज्याने पाहिली असेल त्याला आकडेवारीची आवश्यकता नाही.

प्रवासखर्चापैकी केवळ 57 टक्केच आपण वसूल करतो, असे रेल्वेने 2016 पासून तिकिटांवर छापावयास आरंभ केला होता. अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला त्या छपाईचा राग येत असे. शाळेच्या दाखल्यावर 'तुझ्या शिक्षणाचा खर्च समाजाने सोसला' असे आपण छापीत नाही. ज्या सेवेचा लाभ घेणाऱ्याखेरीज इतरांनाही होतो तिची किंमत केवळ तिकिटातून वसूल करू नये, हा पाठ्यपुस्तकातीलच नियम आहे. मुलुंडच्या मुलाने केंद्रापाडा पाहिले तर लाभ फक्त त्या मुलाचा होत नाही; मुलुंडमध्ये राहणाऱ्या केंद्रापाड्याच्या माणसाचाही होतो. युरोपीय संघ 2018 पासून अठरा वर्षांच्या हजारो तरुणांना निवड करून आगगाडीचा मोफत पास देतो, तो धर्मादाय म्हणून नव्हे.

तेव्हा आपल्या कार्यकर्त्यांनी एक साधी मागणी हाती घ्यावी, अशी माझी सूचना आहे. पंचवीस वर्षांखालील प्रत्येक मुला-मुलीस, तो विद्यार्थी असो की कामगार, आयुष्यात एकदा दुसऱ्या वर्गाचा महिनाभराचा पास मिळावा आणि प्रत्येक लांब पल्ल्याच्या गाडीला सामान्य डबे असावेत. 2017 मध्ये स्वतंत्र रेल्वे अर्थसंकल्प बंद झाल्यापासून भाड्याचा प्रश्न लोकसभेत पूर्वीसारखा गाजत नाही, म्हणून तो रस्त्यावरच मांडावा लागेल. कामगार हा शब्द मी मुद्दाम घातला आहे. भांडुपच्या कारखान्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या मॉलांमध्ये बारा तास उभी राहणारी मुले देश पाहत नाहीत. त्यांना रजाच नाही.

मराठीच्या प्रश्नावरून आपल्या शहरात पुन्हा आवाज चढू लागले आहेत. मराठी टिकावी, शाळांत आणि कचेऱ्यांत तिला मान मिळावा, याविषयी माझ्या मनात शंका नाही. फक्त एखाद्या टॅक्सीवाल्याच्या अंगावर हात टाकलेला पाहिला की मला कल्याणनंतरचे माझे ते वाक्य आठवते आणि कोणी मराठीत दिलेले त्याचे उत्तरही.

वर उल्लेखिलेल्या अभियंत्याला मी गेल्या रविवारी विचारले, आपल्या इमारतीची पाइपलाइन बदलण्याचे काम चालू आहे, ती माणसे कोठली? त्याला ठाऊक नव्हते. आम्ही दोघे खाली गेलो. पाइप आता प्लास्टिकचे असतात, सफेदा आणि सुतळी लागत नाही. मुले विशीतील होती. त्यांतील एकाने आपल्या गावाचे नाव सांगितले. मी त्या बाजूस एकदा येऊन गेलो आहे म्हणालो, तर त्याचा विश्वास बसेना. म्हणाला, "आमच्याकडे कोण कशाला येईल?"