डोळ्यांआडचे सोबती

रामनवमीला वाशीम जिल्ह्यातल्या पोहरादेवीच्या यात्रेला देशभरातून बंजारा भाविक येतील. एवढ्या माणसांना शुद्ध पाणी पुरवायचं, तर टँकर मोजून भागत नाही. त्यातले जंतूही तपासावे लागतात. म्हणून यंदाचा यात्रा विशेषांक आम्ही सूक्ष्मजीवशास्त्राला दिला आहे.

या शास्त्राचं नाव काढलं की रोगच आठवतात. मुंबईत शास्त्रज्ञ हाफकिन यांनी 1897 साली प्लेगची लस तयार केली, ती या शास्त्राची वैद्यकीय शाखा. पण वाशीमच्या शेतकऱ्याला कृषी शाखा अधिक जवळची. सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठींत रायझोबियम जिवाणू हवेतला नत्र पिकाला मिळवून देतात. हे जिवाणू बुरशीनाशकाने मरू नयेत, म्हणूनच पेरणीआधी बीजप्रक्रिया करताना बुरशीनाशक आधी आणि जिवाणू संवर्धक शेवटी लावायचं. पर्यावरण शाखेसाठी शेजारच्या बुलढाण्यात लोणार सरोवर आहे: 2020 साली तिथलं पाणी गुलाबी झालं, ते क्षारप्रेमी सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्यामुळे, असं पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत दिसलं.

पाणी, माती आणि सरोवर या तीन वाटांनी हा अंक जातो. परीक्षेपुरतं शिकलेलं शास्त्र शेतात आणि पाणवठ्यावर कसं उपयोगी पडतं, हे दाखवण्याचा आमचा प्रयत्न आहे. तुमच्या तांड्यात पाणी कसं शुद्ध करतात, बीजप्रक्रियेचा अनुभव काय, हे आम्हाला जरूर लिहून कळवा.