डीओ म्हणजे दुय्यम डॉक्टर नव्हे

अमेरिकेतल्या भाचीला वैद्यकीयला प्रवेश मिळाल्याचे कळते, पण पदवी ‘डीओ’ आहे म्हटल्यावर इकडच्या नातेवाइकांचा चेहरा उतरतो. एमडीला नाही मिळाला का?

तिथली एमडी ही आपल्या एमबीबीएससारखी पहिली पदवी. ‘डॉक्टर ऑफ ऑस्टिओपॅथिक मेडिसिन’ ही तिच्याच तोडीची. चार वर्षांचे शिक्षण, पुढे रेसिडेन्सी, औषधे आणि शस्त्रक्रियांचा पूर्ण परवाना, तोही पन्नासही राज्यांत. हाडे-स्नायूंवर हाताने करायच्या उपचारांचे सुमारे २०० तासांचे शिक्षण वर.

हा दर्जा फुकट मिळाला नाही. अँड्र्यू टेलर स्टिल यांनी १८९२ मध्ये मिसुरीतील कर्क्सव्हिल येथे ऑस्टिओपॅथीचे पहिले कॉलेज काढले, तेव्हा त्यांचा औषधांवर विश्वास नव्हता. पुढच्या पिढ्यांनी औषधशास्त्र, शस्त्रक्रिया, रुग्णालयातील प्रशिक्षण सगळे स्वीकारले. तरी दुसऱ्या महायुद्धात लष्कराने त्यांना डॉक्टर म्हणून घेतले नाही; ते दार १९६६ मध्ये उघडले.

कॅलिफोर्नियात १९६२ साली जे झाले, ते तर डोळ्यांत अंजन घालणारे आहे. ६५ डॉलर भरा, छोटा उजळणी वर्ग करा आणि डीओचे एमडी व्हा! सुमारे दोन हजार जणांनी पाटी बदलली. दवाखाना तोच, रुग्ण तेच, ज्ञानही तेच. नवे डीओ परवाने मात्र बंद झाले. ते १९७४ मध्ये न्यायालयाने पुन्हा सुरू करायला लावले.

२०२० पासून दोन्ही पदवीधरांच्या रेसिडेन्सीला एकच मान्यता-व्यवस्था आहे. तरीही अनेक विभाग डीओंचे अर्ज बाजूला सारतात किंवा त्यांच्या स्वतंत्र परवाना-परीक्षेवर एमडींचीही परीक्षा मागतात. दुप्पट फी, दुप्पट अभ्यास. हा अन्याय थांबला पाहिजे. डीओ कॉलेजांनीही कवटीच्या हाडांवरील उपचारांसारखे पुराव्याअभावी तग न धरणारे विषय सोडून द्यावेत.

आपल्याकडे होमिओपॅथीच्या डॉक्टरांना एक वर्षाच्या औषधशास्त्र अभ्यासक्रमावर अॅलोपॅथीची औषधे लिहू देण्याचा वाद चालू आहे. त्यात डीओंचा दाखला कोणी देऊ नये. त्यांनी आडवाट धरली नाही, अख्खा अभ्यासक्रम बदलला. मान्यता पूर्ण शिक्षणालाच द्यावी. आणि ते ज्यांनी घेतले, त्यांना ती देताना हात आखडू नये.