मालक आखातात, भाडेकरू घरात: दावा नेमका कुठे अडतो?

पनवेल-उरण पट्ट्यात चिरनेरसारख्या गावांत घरं बांधायची कोकणी माणसाने आणि राहायचं भाडेकरूने, हे आता नवीन नाही. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाला, बंदर आणि विमानतळ जवळच. खोल्यांना मागणी आहे. मालक मात्र आखातात.

परत येताना घर हवं असतं आणि भाडेकरू हलत नाही. मग गावातल्या भावाला मुखत्यारपत्र पाठवून दावा लावला जातो. आपल्याकडे समज असा की मुखत्यार सगळं करू शकतो. तसं नाही. दावा तो लावू शकतो, तारखाही सांभाळू शकतो. पण 'घर मला स्वतःला राहायला हवंय' ही गरज मालकाच्या मनातली. जानकी भोजवानी प्रकरणात सुप्रीम कोर्टाने म्हटलं आहे की जी गोष्ट फक्त मालकालाच ठाऊक, तिची साक्ष मुखत्यार त्याच्या जागी देऊ शकत नाही. त्यासाठी दर तारखेला विमानाचं तिकीट काढायला नको. महाराष्ट्रातल्याच डॉ. प्रफुल्ल देसाई प्रकरणात २००३ साली परदेशातल्या साक्षीदाराची व्हिडिओवरची साक्ष कोर्टाने मान्य केली. अर्ज मात्र वेळेत करावा लागतो.

पंजाबात अनिवासी मालकाला घर लवकर परत मिळावं म्हणून कायद्यात वेगळं कलम आहे. आपल्या १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात तसं काही नाही. शिवाय घर नाकारलं तर मालकाला जास्त त्रास की काढलं तर भाडेकरूला, हेही कोर्ट तोलतं. दुबईत चांगला फ्लॅट असलेल्या माणसाला इथेच अवघड जातं.

खरी चूक बहुधा निघण्याआधीच झालेली असते. 'ओळखीचा आहे, कागद कशाला?' कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. तो नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, खोटं सिद्ध होईपर्यंत. नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स असेल तर मुदत संपल्यावर सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं, तो रस्ता जवळचा.

एक अडचण आहे. हा कायदा सगळ्याच गावांना लागू नाही. आपलं गाव त्यात येतं का, हे वकिलाकडून आधी तपासा. येत नसेल तर महिन्याच्या भाडेकरूला साधारण पंधरा दिवसांची नोटीस, मग दिवाणी दावा.

आणि तोवर भावाने वैतागून पाणी-लाईट तोडली, तर उलट तक्रार मालकावरच येते.