‘सर्व्हर डाऊन’ हे उत्तर नव्हे

पूर्वी सरकारी कचेरीच्या खिडकीवर ‘साहेब रजेवर आहेत’ असे ऐकू येई. आता ‘सर्व्हर डाऊन आहे’ असे ऐकू येते. साहेब निदान केव्हातरी रजेवरून परतत. हा सर्व्हर कोठे आहे, त्याला काय झाले आहे आणि तो कोणाच्या अखत्यारीत येतो, हे खिडकीवरील कारकुनास ठाऊक नसते. त्याच्या वरिष्ठांसही बहुधा नसते.

काही वर्षांपूर्वी नोव्हेंबरच्या अखेरच्या आठवड्यात एका कचेरीत निवृत्तिवेतनधारकांचे हयातीचे दाखले स्वीकारण्याचे काम दोन दिवस ठप्प झालेले मी पाहिले. काठी टेकत आलेली माणसे दोन्ही दिवस परत गेली. तिसऱ्या दिवशी कोणीतरी प्रणालीची लॉग फाइल उघडली. तीत पहिल्या मिनिटापासून एकच संदेश शेकडो वेळा उमटला होता: ‘ॲक्सेस डिनाइड’. म्हणजे सर्व्हर सुरू होता, आणि पासवर्ड चुकीचा असल्याचे प्रत्येक वेळी सांगत होता. सुरक्षेच्या नियमानुसार डेटाबेसचा पासवर्ड बदलला गेला, परंतु नवा पासवर्ड ॲप्लिकेशनच्या सेटिंगमध्ये भरण्याचे राहून गेले. दुरुस्तीस दहा मिनिटे लागली. तो संदेश वाचण्यास दोन दिवस.

वस्तुतः डेटाबेसशी जोडणी तुटली की यंत्र स्वतःच बरेच काही सांगते. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ याचा अर्थ यंत्रापर्यंत रस्ता आहे, मात्र त्या पोर्टवर ऐकणारे कोणी नाही. ‘टाइम्ड आउट’ म्हणजे हाकेला ओच मिळाली नाही. रस्ता तुटला आहे, यंत्र बंद आहे किंवा फायरवॉल विनंती गिळत आहे. ‘टू मेनी कनेक्शन्स’ म्हणजे सर्व्हर जिवंत आहे, पण दाराशी गर्दी झाली आहे. मायएसक्यूएलमध्ये ही मर्यादा मुळात १५१ असते आणि ती कोणी वाढवली नसेल, तर गर्दीच्या दिवशी ती ओलांडली जाणे नवलाचे नाही. प्रत्येक दोषाचे कारण वेगळे आणि जबाबदार अधिकारीही वेगळा. ‘सर्व्हर डाऊन’ या दोन शब्दांत हे सारे भेद पुसले जातात, आणि भेद पुसले की जबाबदारीही पुसली जाते.

असे का होते, याचे उत्तर अर्थशास्त्रात आहे. खंडाचा खर्च ज्याच्यावर पडतो, त्याच्या हाती दुरुस्ती नाही. ज्याच्या हाती दुरुस्ती आहे, त्याच्यावर खर्च पडत नाही. बसभाडे आणि बुडालेली मजुरी नागरिकाची. पगार आणि कंत्राटाचे देयक मात्र अबाधित. करारात ९९ टक्के उपलब्धता लिहिली, तरी तीस दिवसांच्या महिन्यात सात तासांहून अधिक खंड माफ होतो. शिवाय ती उपलब्धता यंत्रापाशी मोजली, तर वर वर्णिलेले दोन दिवस शंभर टक्केच भरतील!

कायद्याला हा प्रश्न नवा नाही. १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टचे कलम १० सांगते की, मुदतीच्या शेवटच्या दिवशी कचेरी बंद असल्यास ती उघडेल त्या पुढील दिवशी केलेले काम मुदतीत केले असे मानावे. ज्या खिडकीवर माणूस बसला आहे पण काम होत नाही, ती कचेरी बंदच नव्हे काय? २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम ८ नेही धान्य न मिळालेल्या हक्कदारास भत्ता देऊ केला आहे. तत्त्व मान्य आहे. ते खिडकीपर्यंत पोहोचत नाही, एवढेच.

म्हणून माझे म्हणणे तीन कलमी आहे. खंडाच्या काळात आलेल्या प्रत्येक नागरिकास दिनांक, वेळ आणि पडद्यावरील नेमका संदेश लिहिलेली पोच द्यावी. ती पोच मुदतीच्या हिशेबात ग्राह्य धरावी. उपलब्धता खिडकीवर मोजावी, यंत्रापाशी नव्हे. आणि तातडीच्या कामांसाठी कागदी नोंदवही ठेवून ती नंतर प्रणालीत भरावी.

नोंदवहीने गैरव्यवहार वाढेल, असा आक्षेप येईल. पर्यवेक्षकाची सही आणि नंतरची पडताळणी यांनी त्यास आळा घालता येतो. प्रामाणिक माणसास रिकाम्या हाताने परत पाठविण्याच्या अन्यायास मात्र आज कोणताच आळा नाही. यंत्र बिघडणे क्षम्य आहे. त्याने सांगितलेले न वाचता नागरिकाला ‘उद्या या’ म्हणणे ही प्रशासनाची कसूर आहे, आणि तिची नोंद प्रशासनाच्याच नावे व्हावयास हवी.