गोळी शेजारणीची, दुखणं आपलं

‘लघवीला जळजळ होतेय’ हे वाक्य आपण बायका किती दबक्या आवाजात बोलतो! नवऱ्याला सांगत नाही, सासूला तर नाहीच नाही. उन्हाळी लागली असेल म्हणून धने-जिऱ्याचं पाणी पितो. दोन दिवसांत थांबलं नाही, की शेजारणीच्या कानाला लागतो. तिच्याकडे मागच्या वेळच्या चार गोळ्या उरलेल्या असतातच. झालं औषध!

मला या उरलेल्या चार गोळ्यांचीच भीती वाटते. तिचा कोर्स अर्धा राहिला, आता आपलाही अर्धाच होणार. अशानं चिवट जंतू मागे उरतात आणि पुढच्या वेळी तीच गोळी त्यांना दाद देत नाही.

शिवाय तिला चालली ती गोळी आपल्याला चालेलच असं नाही. लघवीच्या संसर्गावर डॉक्टर अनेकदा नायट्रोफ्युरँटॉइन देतात. औषध जुनं, १९५०च्या दशकापासूनचं. पण आजही उपयोगी. मात्र ते काम करतं मूत्राशयात. संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढला असेल तर पुरं पडत नाही. म्हणून थंडी वाजून ताप, कमरेच्या वर पाठीत एका बाजूला दुखणं, उलट्या असं काही असेल, तर घरी गोळ्या घेत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. मूत्रपिंडं कमजोर असतील, तर ही गोळी सहसा देत नाहीत. गरोदरपणाच्या शेवटच्या दिवसांतही ती टाळतात. हे शेजारणीला कुठून ठाऊक असणार?

डॉक्टरांनी दिलीच, तर जेवणाबरोबर घ्या. पोटाला त्रास कमी होतो. लघवी गडद पिवळी किंवा तपकिरी झाली तर घाबरू नका, तो गोळीचा रंग. पण धाप लागली, खोकला सुरू झाला, हातापायांना मुंग्या आल्या किंवा डोळे पिवळे दिसले, तर लगेच डॉक्टरांना कळवा. पित्ताचं औषध चालू असेल तर तेही सांगा. काही औषधांनी या गोळीचा गुण कमी होतो. आणि जळजळ थांबली तरी सांगितलेले दिवस पुरे करा.

त्रास वारंवार होत असेल, तर लघवीचं कल्चर करायचं का, हे आपणहून विचारा. नमुना पहिली गोळी घेण्याआधी द्यायचा. कुठल्या जंतूवर कुठलं औषध चालेल, ते त्यातून कळतं. दोन-तीन दिवस लागतात, थोडे पैसेही जातात. पण अंदाजानं चार औषधं बदलण्यापेक्षा ते स्वस्तच पडतं.

मला विचाराल, तर या सगळ्याच्या मुळाशी आपली लाज आहे. खोकला झाला तर आपण चारचौघांत सांगतो, मग हेच का लपवायचं? पुरुष डॉक्टरांसमोर बोलायला जड जातं, मान्य. मग चिठ्ठीवर लिहून द्या. आणि गोळ्यांच्या पाकिटावर उभी लाल रेघ दिसली, तर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती गोळी घेऊ नका आणि मैत्रिणीलाही देऊ नका. साखर, विरजण खुशाल उसनं मागावं. अँटिबायोटिक मात्र नाही!