अर्धाच अनुवाद

बेंगळुरूत उद्योगधंद्यांचा विषय निघाला की गाडी विश्वेश्वरय्यांवर येते, आणि तिथून जपानवर. पुण्यात शिकलेले, मुंबई सरकारच्या नोकरीतले हे अभियंते 1898 साली जपान पाहून आले. 1912 ते 1918 म्हैसूरचे दिवाण होते. मग भाषण ठरलेलेच: जपानी शिस्त, जपानी चिकाटी.

माझी तक्रार अनुवादकाची आहे. मेइजी काळाचे घोषवाक्य होते 'फुकोकु क्योहेई': समृद्ध देश, बलाढ्य सैन्य. आपण पहिला शब्द उचलला, दुसरा गाळला. पण दोन्ही एकाच भट्टीतले. 1901 साली सुरू झालेल्या यावाता पोलाद कारखान्याला 1895 साली हरलेल्या चीनकडून वसूल केलेल्या खंडणीतला पैसा मिळाला. त्याच युद्धाने तैवान जपानच्या ताब्यात आले. 1910 साली कोरिया गिळला. घरी सूतगिरण्यांत खेड्यांतल्या मुली वसतिगृहांत कोंडून राबवल्या जात होत्या.

"मग म्हैसूरने कोणता देश जिंकला?" असे कुणी विचारेल. एकही नाही, आणि मुद्दा तोच आहे. 1913 साली म्हैसूर बँक निघाली, 1916 साली चंदनतेलाचा कारखाना, वसाहतींवाचून. आपल्याला जपानची गती साधली नाही म्हणून हळहळणाऱ्यांनी त्या गतीची किंमत कोणी मोजली, हेही सांगावे.

मुळातला अडचणीचा शब्द गाळणाऱ्या अनुवादकाचे हस्तलिखित आपण परत पाठवतो. वक्त्याने तेच केले की टाळ्या वाजवतो.